रंग बदलून सिटी बस होत नाही: बसचे वर्ग, फ्लोअरची उंची आणि लहान शहराने करायची निवड

प्रश्न असा आला आहे: साडेतीन-चार लाख वस्तीच्या एका शहरात महापालिकेला स्वतःची बससेवा सुरू करायची आहे. विक्रेते येतात आणि ‘टाइप वन’, ‘लो एंट्री’, ‘मिडी’, ‘एनडीएक्स’ असे शब्द टाकून जातात. एकाच लांबीच्या दोन बसच्या किमतीत मोठी तफावत दिसते. समितीतल्या एका सदस्याचं म्हणणं आहे की एसटीच्या बसला वेगळा रंग दिला की झाली सिटी बस. हे वर्गीकरण नेमकं काय आहे आणि आपण कोणती बस घ्यावी?

माझी नोकरी बसची बॉडी बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेली आणि त्यानंतर परिवहन उपक्रमांसाठी निविदांचे तांत्रिक तपशील लिहिण्यात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

त्या सदस्यांपासूनच सुरुवात करतो, कारण असं बोलणारे ते एकटे नाहीत. बस कोणत्या वर्गाची हे तिचं दार दिवसातून किती वेळा उघडतं यावरून ठरतं. शहरात थांबे साधारण 400 ते 500 मीटरवर असतात. 15 किलोमीटरच्या मार्गावर 30 थांबे धरा, दिवसाला दहा फेऱ्या धरा, की झाले 300. दर वेळी काही माणसं चढणार, काही उतरणार, काही आत सरकणार. पुण्याहून नाशिकला जाणारी बस तेवढ्याच वेळात 200 किलोमीटरहून जास्त धावते आणि मोजक्या ठिकाणी थांबते. पहिल्या बसमध्ये माणसांची ये-जा पटकन व्हायला हवी, दुसऱ्या बसमध्ये बसलेल्या माणसाची पाठ टिकायला हवी. फ्लोअर, दारं, सीटची मांडणी, गिअर, इंजिनाची जागा या सगळ्याचे निर्णय त्या एका फरकातून निघतात.

आता कागदावरचे वर्ग. गोंधळ होतो कारण एकाच बसला तीन वेगवेगळी माणसं तीन नावं देतात. एसटीच्या वाहतूक शाखेचा माणूस सेवेच्या नावाने बोलतो. एसटीत साधी, जलद, रातराणी, निमआराम, शयन-आसनी, विनावाहक ही नावं आहेत, आणि ती मुख्यतः भाडं व थांबे सांगतात. परिवहन खातं वजनावरून बोलतं: चालक सोडून आठाहून जास्त सीट असलेलं वाहन पाच टनांपर्यंत असेल तर एम-2, त्याहून जड असेल तर एम-3. बॉडी बांधणारा तिसरीच भाषा बोलतो, ती एआयएस-052 (वाहन उद्योगाचं भारतीय मानक) या बस बॉडी कोडची. तुमच्या निविदेला लागते ती ही तिसरी.

या कोडमध्ये चार प्रकार आहेत. टाइप-1 म्हणजे शहर आणि उपनगरासाठीची बस. हिच्यात उभ्या प्रवाशांसाठी जागा मुद्दाम आखून दिलेली असते. टाइप-2 म्हणजे गावोगाव जाणारी, हिच्यात उभ्यांसाठी वेगळी जागा धरलेली नाही. टाइप-3 लांब पल्ल्याची, फक्त बसलेल्यांसाठी. टाइप-4 मध्ये शाळेची बस, स्लीपर, पर्यटक बस असे खास उपयोग येतात. याच्यावर सोयीची दुसरी चिठ्ठी लागते: एनडीएक्स म्हणजे साधी, एसडीएक्स सेमी-डिलक्स, डीएलएक्स डिलक्स, एसीएक्स वातानुकूलित. म्हणजे ‘टाइप-1 एनडीएक्स’ ही साधी सिटी बस आणि ‘टाइप-3 एसीएक्स’ ही शिवनेरीच्या जातीची. युरोपातल्या नियमांतही हीच विभागणी क्लास-1, 2 आणि 3 अशी आहे, फक्त तिथे 22 पर्यंत प्रवाशांच्या लहान बसना ‘ए’ आणि ‘बी’ असे वेगळे वर्ग दिलेत.

आपली लाल परी टाइप-2 च्या वळणाची, आणि सणासुदीला तिच्यात किती माणसं उभी असतात ते मी सांगायला नको. कोड लिहिणाऱ्याने एक बस डोळ्यासमोर ठेवली आणि आषाढीच्या गर्दीने दुसरीच वापरली. त्यावर नियम मोडल्याची ओरड करण्यापेक्षा डिझाइन करणाऱ्याने ती गर्दी आधीच हिशोबात धरावी, असं माझं मत आहे.

किमतीतली तफावत मुख्यतः फ्लोअरच्या उंचीत दडलेली आहे. केंद्राच्या शहरी बसच्या तपशिलात तीन आकडे येतात: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. विक्रेते त्यांना लो फ्लोअर, सेमी-लो आणि स्टँडर्ड म्हणतात; ‘लो एंट्री’त बसचा फक्त पुढचा भाग खाली आणलेला असतो. हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, बेरीज करा. जमिनीपासून पहिली पायरी जास्तीत जास्त 400 आणि पुढची प्रत्येक पायरी जास्तीत जास्त 250. एकदा पाय उचलला की 400, दोनदा 650, तीनदा 900. ट्रकच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेल्या जुन्या बसचं फ्लोअर 1100 च्या आसपास असतं, म्हणजे चौथं पाऊल. गुडघे दुखणाऱ्या बाईला, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या बाईला ते चौथं पाऊल म्हणजे काय, हे मोजपट्टी सांगत नाही. गर्दीच्या वेळी दर थांब्यावर वीस माणसं चढत असतील तर त्या एकेका पावलाचे सेकंद जमत जातात आणि संध्याकाळपर्यंत एखादी फेरी कमी होते. फेरी कमी झाली तर तेवढीच सेवा द्यायला जास्त बस लागतात. स्वस्त बस अशी महाग पडते.

मग सगळ्यांनीच उंच बस का बांधल्या? कारण आपल्याकडे बस म्हणून बस फार काळ बांधलीच गेली नाही. कंपनीकडून ट्रकची चेसिस यायची: दोन सरळ लोखंडी बीम, पुढे इंजिन, मागे चाकं फिरवणारा सरळ आस (लाइव्ह अ‍ॅक्सल), खाली पाट्यांची स्प्रिंग. तिच्यावर वर्कशॉपमध्ये किंवा खासगी कारखान्यात डबा बसवायचा. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या वर्कशॉपनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केलं, आणि ते हलक्या दर्जाचं नव्हतं. त्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची: हा पत्रा गंजत नाही, वजनाला कमी, आणि कोकणातल्या आगारातही रिव्हेट मारून दुरुस्त होतो. पण अपघातात तो कापला जायचा, म्हणून साधारण 2018 पासून एसटी पोलादी बॉडीकडे वळली. मात्र बॉडी कशाचीही असो, खालचे बीम सरळ असतील तर फ्लोअर त्यांच्या वरच येणार. टायरचा व्यास मीटरभर, त्यावर अ‍ॅक्सलची वर-खाली होण्याची जागा, त्यावर बीम आणि मग फ्लोअर. पत्रा ठोकणाऱ्याच्या हातात तिथे फारसं काही उरत नाही.

400 ला यायचं तर बस मुळापासून वेगळी लागते. इंजिन मागे न्यावं लागतं, मागच्या अ‍ॅक्सलचा मधला भाग खाली झुकवावा लागतो, पाट्यांच्या जागी हवेचे फुगे येतात. फुगे आले की थांब्यावर बस दाराच्या बाजूला थोडी झुकवता येते आणि रॅम्प टाकून व्हीलचेअर आत घेता येते. 2009 च्या आसपास केंद्राच्या नेहरू नागरी योजनेतून शहरांना बससाठी पैसे मिळाले आणि त्यासोबत हे तपशीलही आले. पुष्कळ शहरांनी पहिल्यांदाच ट्रकवर न बांधलेली बस पाहिली ती तेव्हा.

लो फ्लोअरची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाकं आतल्या जागेत घुसतात, त्यांच्यावर सीट चौथऱ्यावर चढवावी लागते आणि बसायच्या जागा कमी होतात. सुट्या भागांची किंमत जास्त. आणि गतिरोधक! भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापात बसणारा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून लांब बस आरामात जाते. आपल्या गल्लीतला गतिरोधक डांबर उरलं म्हणून टाकलेला असतो. एका शहराने लो फ्लोअर बस घेतल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांचे खालचे पत्रे घासून निघाले. दोष बसवर गेला आणि पुढच्या खरेदीत 900 चं फ्लोअर आलं. गतिरोधक तसेच राहिले.

तेव्हा 900 म्हणजे वाईट, असंही नाही. अहमदाबादच्या जनमार्गात 2009 पासून आणि पुण्याच्या रेनबो बीआरटीत 2015 पासून (दोन्हीकडे बससाठी राखीव मार्गिका आहे) बसची दारं उजव्या बाजूला आहेत, कारण थांबा रस्त्याच्या मधोमध आहे आणि त्याचा फलाट बसच्या फ्लोअरइतकाच उंच आहे. तिथे चढायला एकही पायरी नाही. फलाट असेल तर उंच फ्लोअर उत्तमच: चाकं आत घुसत नाहीत, सीट सरळ बसतात. अडचण येते ती बस मार्गिकेबाहेर पडून साध्या थांब्यावर डावं दार उघडते तेव्हा. तिथे पुन्हा तीन पावलं चढायची. म्हणून बस आणि थांबा हे एकाच निविदेचे दोन भाग आहेत असं समजा. बस एका विभागाने घेतली आणि थांबे जाहिरातवाल्याने बांधले की हमखास मेळ चुकतो.

दारांबद्दल एवढंच बघा: शहरासाठी मोठ्या बसला दोन दारं, आणि त्यांतलं एक तरी 1200 मिलिमीटर रुंद, म्हणजे एकाच वेळी दोघं चढू-उतरू शकतील असं. दार लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं इंटरलॉक हवंच. मुंबईत बेस्टमध्ये मागून चढायचं आणि पुढून उतरायचं ही सवय कित्येक पिढ्यांना होती, कारण तिकीट देणारा कंडक्टर बसमध्ये फिरत होता. तिकीट चालकाच्या शेजारच्या यंत्रावर घ्यायचं ठरलं तर हा प्रवाह उलटा होतो आणि पुढचं दार रुंद लागतं. तिकीट कसं देणार हे आधी ठरवा, दार त्यानंतर.

वजनाचा भाग समित्या सहसा वाचत नाहीत, पण बॉडीला तडे तिथूनच जातात. एका प्रवाशाला हातातल्या सामानासह 68 किलो धरतात. 40 बसलेले आणि 30 उभे असे सत्तर जण म्हणजे 4,760 किलो. सकाळी नऊच्या बसमध्ये शंभर असतील तर 6,800. युरोपच्या नियमात सिटी बसमध्ये उभ्या माणसाला 0.125 चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये आठ जण. लांब पल्ल्याच्या बसचा सांगाडा हे वजन धरून बांधलेलाच नसतो. त्याच्यात ताकद लागते ती डिकीतल्या सामानासाठी आणि उलटली तर छप्पर न चेपण्यासाठी. म्हणून जुनी निमआराम बस आणून शहरात फिरवली की दोन वर्षांत दाराच्या चौकटीपाशी वेल्डिंग सुटतं. त्या सदस्यांना हे जरूर सांगा.

इंजिन-गिअरचंही तसंच. शहरात क्षणाक्षणाला उचल लागते, म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा चैनीचा भाग नाही. दिवसभर क्लच दाबून चालकाचा गुडघा जातो, आणि मग बस झटके देत चालते. खंबाटकी किंवा कसारा घाटात उतरणाऱ्या बसला मात्र रिटार्डर (ब्रेक न घासता वेग धरून ठेवणारं यंत्र) हवा, नाहीतर ब्रेक तापून सैल पडतात. तुमच्या शहरात घाट नसेल तर रिटार्डरचे पैसे दाराकडे वळवा.

स्लीपरबद्दल प्रश्नात काही नव्हतं, तरी बोलतो, कारण वर्ग चुकला तर काय होतं ते तिथे दिसतं. 1 जुलै 2023 ला बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर एक खासगी स्लीपर बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. बस डाव्या कुशीवर पडली होती, दार खाली दबलं होतं. आपल्या बसचं दार डावीकडेच असणार, म्हणून उजव्या बाजूची, मागची आणि छतावरची आपत्कालीन दारं लागतात. स्लीपरसाठी एआयएस-119 हा वेगळा कोड आहे तो त्यासाठीच. पण दोन बर्थ जास्त बसवायचे म्हणून आपत्कालीन दारासमोर बर्थ टाकलेले मी पाहिलेत. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, हे बसमध्ये चढल्यावर पाहायची सवय मला तिथून लागली.

डबल डेकरचा मोह कोणा ना कोणाला होतोच. बेस्टच्या ताफ्यात ती 1937 पासून होती, जुनी डिझेलची शेवटची डबल डेकर सप्टेंबर 2023 मध्ये निघाली आणि त्याच वर्षी वातानुकूलित इलेक्ट्रिक डबल डेकर धावू लागली. रस्ता कमी आणि माणसं फार असतील तिथे ती उपयोगी. पण 4.75 मीटर उंचीला तुमच्या शहरातल्या तारा, झाडं आणि रेल्वेखालचा बोगदा आडवा येणार. वरच्या मजल्यावर माणसं भरून 28 अंशांपर्यंत कलवून पाहण्याची स्थिरतेची कसोटी असते, शिवाय वर उभं राहू देत नाहीत. तुम्ही सोडून द्या.

आता लांबी आणि इलेक्ट्रिक. 2023 मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत तीन लाखांहून जास्त वस्तीची शहरं येतात आणि 12, 9 व 7 मीटर असे तीन आकार दिलेत: स्टँडर्ड, मिडी आणि मिनी. पुण्यात पीएमपीने 2019 मध्ये इलेक्ट्रिक बस सुरू केल्या त्याही 9 आणि 12 मीटरच्या होत्या. 12 मीटरच्या बसला वळायला युरोपच्या नियमाने 12.5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात मावावं लागतं, आणि तेव्हा तिचं अंग वळणावर 7.2 मीटर रुंदीचा पट्टा व्यापतं. तुमच्या जुन्या पेठेत, भाजीमंडईच्या कोपऱ्यावर, गाड्या लावलेल्या असताना तेवढी जागा आहे का ते बघा. बहुतेक शहरांत नसते. 7 मीटरची मिनी कुठेही शिरते, पण गर्दीच्या वेळी भरून जाते आणि चालकाचा पगार तेवढाच राहतो. बससेवेच्या खर्चात माणसांचा वाटा मोठा असतो, म्हणून लहान बस म्हणजे स्वस्त सेवा हा हिशोब टिकत नाही.

माझा सल्ला: ताफ्याचा मोठा भाग 9 मीटरच्या मिडीचा, टाइप-1, फ्लोअर 650, पुढच्या दारापाशी रॅम्प. स्टेशन ते एमआयडीसी किंवा स्टेशन ते विद्यापीठ असा एखादा रुंद रस्त्याचा, सतत भरणारा मार्ग असेल तर तेवढ्यापुरत्या 12 मीटरच्या, आणि त्या 400 च्या. मात्र त्या मार्गावरचे गतिरोधक आधी मापात आणायचे. वातानुकूलन परवडत असेल तर घ्या, विदर्भ-मराठवाड्यात मी ते गरजेतच धरेन. पण एसीच्या पैशांसाठी दुसरं दार कमी करू नका. तसं करणारे मी पाहिलेत, कारण उद्घाटनाच्या फोटोत एसी मिरवता येतो, दार नाही.

इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीची जागा विचारा. मोठ्या बसमध्ये तिचं वजन दोन टनांच्या आसपास जातं. ती छतावर असेल तर बसचा तोल वर सरकतो, मागे असेल तर शेवटच्या रांगा चौथऱ्यावर जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर भार येतो, खाली असेल तर फ्लोअर उचललं जातं आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याचा प्रश्न येतो. यातलं कुठलंही उत्तर चूक नाही, पण भरलेल्या बसचं प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं वजन लेखी मागा. विक्रेता रिकाम्या बसचं सांगत असतो.

कंत्राट बहुधा किलोमीटरमागे पैसे देण्याचं असेल, म्हणजे बस आणि चालक कंत्राटदाराचे. अशा वेळी रॅम्प गंजला, बस झुकवणारे फुगे बंद पडले, मागचं दार अडकून बसलं तरी त्याचं काही बिघडत नाही, किलोमीटर पडतच राहतात. म्हणून या तीन गोष्टी चालू नसतील तर त्या फेरीचे पैसे कापले जातील असं कलम घाला. एआयएस-140 प्रमाणे बसवलेलं स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण नव्या सार्वजनिक वाहनांना 2019 पासून सक्तीचं आहे. पण ते कोणाच्या पडद्यावर वाजणार, रात्री दहानंतर तिथे कोण बसणार, हे कंत्राटात लिहिलेलं क्वचित सापडतं.

निविदा काढण्याआधी विक्रेत्याकडून 9 मीटरची एक बस दोन दिवसांसाठी मागून घ्या, ते देतात. तिच्यात माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरा आणि बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच वेळी, ठरवलेल्या प्रत्येक मार्गावर फिरवा. सोबत आगार सांभाळणारा माणूस आणि रस्ते विभागाचा अभियंता दोघंही बसवा. कुठे खालून घासलं, कुठे वळायला मागे यावं लागलं, कुठल्या थांब्याची कड फ्लोअरपेक्षा किती खाली राहिली, ते जागेवरच लिहून घ्या आणि ती यादी निविदेच्या तांत्रिक भागाला जोडा.